चहा न घेणारे पाहुणे

दाराची घंटा वाजली की माझ्या पोटात गोळा येतो. बँकेच्या खिडकीमागे बावीस वर्षं काढल्याचा हा परिणाम असावा. पलीकडून येणारा प्रत्येक इसम काहीतरी मागायलाच येतो आणि त्याला 'नाही', 'आज नाही' किंवा 'पलीकडच्या काउंटरला विचारा' यांपैकी एक उत्तर द्यायचं असतं, एवढंच शिक्षण माझ्या पदरी पडलेलं आहे. डोंबिवलीला आमच्या दाराला मी बाहेरचं बघायचं भिंग बसवून घेतलं आहे. त्यातून पाहिलं की बाहेरचा माणूस डोक्याने मोठा आणि पायाने बारीक दिसतो. अशा माणसाला दार न उघडणं सोपं जातं.

पण गेल्या वर्षी मे महिन्यात मी इंग्लंडात प्रेस्टन नावाच्या गावी ताईकडे महिनाभर राहायला गेलो. ताई तिथे इस्पितळात नर्स आहे. "अरे, निवृत्त झाल्यावर येशील तेव्हा गुडघे साथ देणार नाहीत, आत्ताच ये" असं तिने दहा वर्षं सांगितलं आणि शेवटी तिकीटच पाठवून दिलं. चिरंजीवांची प्रवेश परीक्षा असल्यामुळे ही घरी थांबली. मी एकटाच गेलो. ताई आणि भाऊजी सकाळी आठला कामावर जात. मग त्या लाल विटांच्या घरात मी, खिडकीबाहेरचा पाऊस आणि हिने बांधून दिलेले दोन किलो पोहे, एवढेच उरत असू. ताईच्या दाराला भिंग नव्हतं.

चौथ्या दिवशी घंटा वाजली. मी दार उघडलं. बाहेर दोन तरुण उभे होते. पांढरे शर्ट, टाय, पाठीवर पिशव्या. दोघेही नखशिखांत भिजलेले. छातीवर काळी पाटी आणि पाटीवर आडनावाच्या आधी 'एल्डर' असं लिहिलेलं. एल्डर म्हणजे थोरले! मी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. मिसरूड नुकतं फुटलेलं. आमच्या चिरंजीवांपेक्षा फार तर वर्षाने मोठे असतील. आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला 'नानासाहेब' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार असणार, असं मी मनाशी धरून चाललो.

"आम्ही येशू ख्रिस्ताविषयी चार शब्द सांगायला आलो आहोत," त्यातला उंच म्हणाला.

बँकेतलं पहिलं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाण्याचा थेंब खाली पडला आणि माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं : "आधी आत या. चहा ठेवतो."

ते मॉर्मन पंथाचे होते. म्हणजे लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. त्यांच्या चर्चचं खरं नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. हे नाव आमच्या पासबुकावर छापायचं तर कॉम्प्युटर अर्ध्यावरच थांबेल. उंच मुलगा अमेरिकेतल्या आयडाहो प्रांताचा, बटाट्याच्या शेतकऱ्याचा पोरगा. दुसरा प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरचा, कपाटासारखा रुंद आणि मितभाषी. त्यांची आडनावं माझ्या जिभेला पेलवेनात. म्हणून मी मनातल्या मनात आपल्या रीतीने त्यांना आयडाहोकर आणि टोंगाकर करून टाकलं.

आलं ठेचून, साय घालून मी चहा आणला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माफ करा, आम्ही चहा घेत नाही."

"बरं, मग कॉफी?"

"कॉफीही नाही."

माणूस मराठी असला म्हणजे इथे त्याची बुद्धी संपते. त्यांच्या पंथात १८३३ पासून आहाराचे काही नियम आहेत. दारू, तंबाखू, चहा, कॉफी सगळं वर्ज्य. दारू-तंबाखूचं मी समजू शकतो. पण चहाला नाही म्हणणारा पाहुणा माझ्या उभ्या हयातीत आला नव्हता. त्यातून ताईच्या घरात दुसरं पेय म्हणजे औषधाचं. शेवटी मी ताक केलं आणि सोबत पोहे टाकले. पोह्यांत बटाटा होता. आयडाहोकराने एक फोड चमच्यावर घेऊन, सोनार नथ पाहतो तशी, उजेडात फिरवून पाहिली आणि मान डोलावली. टोंगाकराने काहीच न पाहता तीन बश्या संपवल्या.

त्या दिवसापासून ते आठवड्यातून दोनदा येऊ लागले. माझा आत्मा वाचवायला येत होते की पोहे खायला, हे मी विचारलं नाही. भाऊजी मात्र रोज विचारत, "काय, अजून हिंदूच ना?"

मला खरं कुतूहल होतं ते त्यांच्या दिनक्रमाचं. सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचा अभ्यास. आधी एकट्याने, मग जोडीने. त्यानंतर घराबाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत. साडेदहाला दिवा बंद. सोमवारी कपडे धुणं, वाणसामान आणून ठेवणं आणि घरी पत्र लिहिणं. मुलींना यायचं तर दीड वर्ष, मुलांना दोन. २०१२ साली मुलांसाठी वयाची अट एकोणीसवरून अठरावर आली, तेव्हापासून बारावी झाली की निघाली स्वारी, असा प्रकार. कुठल्या देशात जायचं हे मुलगा ठरवत नाही. चर्चकडून बोलावणं येतं, त्यात जे गाव लिहिलेलं असेल ते गाव. टोंगाकराने प्रेस्टन हे नाव आधी कधी ऐकलंच नव्हतं. स्वेटर ही वस्तूही त्याने इथेच येऊन पहिल्यांदा अंगात घातली.

"आणि दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर," आयडाहोकर म्हणाला.

मी ताठ बसलो. ट्रान्सफर! हा शब्द देवाच्या नोकरीतही आहे तर! दर सहा आठवड्यांनी यादी निघते. कोणाचं गाव बदलतं, कोणाचा जोडीदार. जोडीदार आपण निवडायचा नाही. आणि जोडीदाराच्या नजरेच्या आणि हाकेच्या पलीकडे जायचं नाही. चोवीस तास. मी लग्नाला एकवीस वर्षं झालेला माणूस आहे, पण आम्ही उभयतांनीही इतकं धाडस कधी केलेलं नाही. टोंगाकर झोपेत गातो, अशी आयडाहोकराची तक्रार होती. आयडाहोकर जागेपणी गातो, असं टोंगाकर म्हणाला. मला वाटतं, त्याने महिनाभरात उच्चारलेलं सर्वांत लांब वाक्य हेच.

मग मी कॉमर्सच्या माणसाने विचारायचा प्रश्न विचारला. पगार किती?

पगार नाही. उलट पैसे त्यांनीच भरायचे. अमेरिकेसारख्या देशांतल्या मुलांसाठी २०२० च्या जुलैपासून महिना ५०० डॉलर ठरले. ते कुटुंबाने किंवा मुलाने साठवलेल्या पैशातून द्यायचे. म्हणजे चोवीस महिन्यांचे १२,००० डॉलर. आयडाहोकराने तीन उन्हाळे दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढून निम्मे पैसे जमवले होते. महागाई भत्ता नाही, बोनस नाही, युनियन नाही. वर महिन्यातल्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडून कडक उपास, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांना. मी त्यांना आमच्या एकादशीची माहिती दिली. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, वऱ्याचे तांदूळ... टोंगाकर पुढे सरसावून बसला. "हा उपास आहे?" त्याने विचारलं. हिंदू धर्माकडे त्याचं मन ओढ घेतंय, असं मला क्षणभर वाटून गेलं.

धर्मचर्चाही झाली. ती टाळता येणं शक्यच नव्हतं. त्यासाठी तर ते आलेले. त्यांचं एक मुख्य तत्त्व असं की, त्यांच्या मंदिरात विधिपूर्वक बांधलं गेलेलं कुटुंब मृत्यूनंतरही अनंत काळ एकत्र राहतं. आयडाहोकराने डोळे मोठे करून विचारलं, "आपलं कुटुंब कायम आपल्याबरोबर असावं, असं तुम्हाला नाही वाटत?"

मला एकदम हिचे काका आठवले. मी घाईघाईने सांगितलं की आमच्याकडे तशी सोय आधीपासून आहे, पण सात जन्मांची. वटपौर्णिमेला अर्ज केला की नूतनीकरण होतं. तुमची योजना कायम ठेवीची आहे, आमची मुदत ठेवीची. मध्यमवर्गीय माणसाला मुदत ठेव बरी पडते. शेवट कुठे आहे ते कळतं.

ते हसले. मी बाटणार नाही, हे बहुधा तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं असावं. तरी ते येत राहिले.

प्रेस्टन म्हणजे त्यांच्या लेखी आपल्या आळंदीसारखं. त्यांच्या पंथाचे पहिले धर्मप्रचारक अमेरिकेतून समुद्र ओलांडून १८३७ च्या जुलैत याच गावी आले. हेबर किंबल हा त्यांचा पुढारी. ३० जुलैला इथल्या रिबल नदीत त्यांनी पहिल्या नऊ जणांना बाप्तिस्मा दिला. पहिला मान कोणाचा यावरून दोघांत नदीपर्यंत धावण्याची शर्यत लागली, अशी कथा सांगतात. "आणि आता?" मी विचारलं. आयडाहोकर म्हणाला, "आता आम्ही दिसलो की लोक धावतातच. पण उलट्या दिशेने."

हा विनोद त्याने हसून सांगितला खरा, पण मी त्यांना रस्त्यावर पाहिलेलं होतं. ताईच्या खिडकीतून सबंध गल्ली दिसायची. एका रांगेत बावीस घरं. ते एकेक फाटक उघडत, घंटा वाजवत, उभे राहत. कुठे पडदा हलायचा आणि दार उघडायचं नाही. कुठे दार चार बोटं उघडून 'आज नको, धन्यवाद' म्हणून बंद व्हायचं. इंग्रज माणूस दार तोंडावर आपटतानासुद्धा आवाज होऊ देत नाही. ते फाटक लावून घेत आणि पुढच्या फाटकाशी जात. पाऊस असला तरी फाटक लावायला विसरत नसत.

शेजारच्या घरात ऐंशीची एक म्हातारी एकटी राहायची. तिने पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, "तुमच्या एकाही शब्दावर माझा विश्वास नाही. पण मंगळवारी कचऱ्याची गाडी येते आणि ते डबे माझ्याच्याने ओढवत नाहीत." तेव्हापासून दर मंगळवारी हे दोन थोरले तिचे चाकांचे डबे रस्त्यापर्यंत नेत आणि परत आणून ठेवत. एकट्या बाईच्या घरात शिरायचं नाही, असा त्यांना नियम. त्यामुळे म्हातारी उंबरठ्याच्या आत खुर्चीवर आणि हे दोघे बाहेर पावसात, अशा पाच मिनिटं गप्पा चालत. धर्माविषयी एक अक्षर नाही. तिच्या मांजराविषयी.

ते पाहताना मला माझीच एक दुपार आठवली. काही वर्षांपूर्वी बँकेने आम्हाला विम्याच्या पॉलिसी विकण्याचं टार्गेट दिलं होतं. काउंटरवर विकून होईना म्हणून एप्रिलच्या उन्हात घरोघरी पाठवलं. गळ्यात टाय, हातात माहितीपत्रकं. मी कल्याणला चाळीस दारं वाजवली. एकोणचाळीस ठिकाणी 'साहेब घरात नाहीत' हे साहेबांच्याच आवाजात ऐकलं. चाळिसाव्या दारी एक बाई म्हणाल्या, "पॉलिसी नको बाबा. पण उन्हातून आलायस, पाणी पिऊन जा." पॉलिसी किती विकल्या ते मी विसरलो. त्या पितळी तांब्याला एका बाजूला पोचा होता, हे आजही आठवतं.

शेवटच्या आठवड्यात ते दोघे नेहमीसारखे आले. टोंगाकर बश्या धुवायला आत गेला. हाकेच्या अंतरावर, दार उघडं ठेवून. आयडाहोकर त्या दिवशी गप्प होता. मग त्याने आपणहून सांगितलं की मार्चमध्ये त्याचे आजोबा गेले. अंत्यविधी त्याने प्रेस्टनच्या खोलीत बसून पडद्यावर पाहिला.

"घरी का नाही गेलास?" मी जरा रागावूनच विचारलं.

"जायचं का म्हणून विचारलं होतं. पण निघताना आजोबाच म्हणाले होते, अर्धी नांगरट टाकून घरी यायचं नाही."

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "अकरा महिन्यांत माझ्याकडून एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही."

वसुलीचा आकडा शून्य असलेल्या सहकाऱ्याची समजूत कशी घालायची, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "पहिले काही महिने प्रत्येक फाटकाशी मी प्रार्थना करायचो, हे दार उघडू दे. नाही उघडलं की देवावर चिडायचो. माझ्यावर तर जास्तच. आजोबा गेले त्या दिवशीही आम्ही दुपारी बाहेर पडलो. तेव्हा एका बंद दाराशी मनात आलं, आतसुद्धा आज कोणाचे आजोबा गेले असतील. त्या दिवसापासून मी दार उघडण्याचं मागत नाही. आत जो कोणी असेल त्याचं बरं होऊ दे, एवढंच म्हणतो. मग दार उघडलं नाही तरी फेरी फुकट जात नाही."

आत बश्या विसळण्याचा आवाज येत होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. एकोणीस वर्षांचं पोर आणि छातीवर 'थोरले' अशी पाटी. पहिल्या दिवशी मला तिचं हसू आलं होतं. आता आलं नाही. बावीस वर्षं माझ्या खिडकीशी माणसं येतात. पेन्शन अडकलेले म्हातारे, सही जुळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या बाया. माझी प्रार्थना एकच : साडेतीन वाजू देत.

मला आपले फादर स्टीफन्स आठवले. हाही असाच घर सोडून आलेला इंग्रज. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनला जहाजात बसला तो ऑक्टोबरात गोव्याला उतरला, आणि पोहोचल्यावर वडिलांना प्रवासाचं लांबलचक पत्र लिहिलं. वय तिशीचं. आला होता आपल्याला शिकवायला आणि मराठी शिकून बसला. १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. हजारो ओव्या, आणि त्याही आपल्या पुराणांच्या थाटात. चाळीस वर्षं राहिला आणि इथेच गेला. त्याने किती जणांना बदललं याचा हिशेब इतिहासकार मांडोत. इथल्या भाषेने त्याला बदललं, हे मात्र पुस्तकात छापलेलं आहे. आयडाहोकराच्या आईला निदान २०१९ पासून दर आठवड्याला मुलाशी बोलता येतं. त्याआधी पत्रं, आणि फोन वर्षातून दोनदा. नाताळला आणि मातृदिनाला.

त्याच रात्री मी घरी फोन लावला. आमच्या चिरंजीवांना नागपूरच्या कॉलेजात शिकायची इच्छा होती आणि माझा सक्त विरोध होता. 'स्वतःचे मोजे धुता येत नाहीत आणि नागपूर म्हणे!' हे माझं वाक्य घरात सर्वांना पाठ होतं. मी हिला म्हटलं, "जाऊ दे त्याला."

"तिथे तुम्हाला कोणी काही केलं तर नाही ना?" हिने घाबरून विचारलं.

निघायच्या आदल्या दिवशी दोघे निरोप घ्यायला आले. आयडाहोकराचीही ट्रान्सफर निघाली होती. त्याने वही काढली. दार उघडून कोणी काही दिलं की तो त्यात लिहून ठेवायचा. "त्या पदार्थाचं नाव नीट लिहून द्या," तो म्हणाला. मी देवनागरीत 'पोहे' लिहून दिलं. मग त्याने विचारलं, तुमच्या भाषेत निघताना काय म्हणतात? मी सांगितलं, "आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात."

"परत यायचं नसलं तरी?"

"तेव्हा तर नक्कीच."

दोघांनी फाटकाशी वळून "यीटो" म्हटलं. आणि फाटक लावून घेतलं.

चिरंजीव आता नागपूरला आहेत. स्टेशनवर गाडी सुटताना त्यानेही "येतो बाबा" म्हटलं आणि मी बराच वेळ चष्मा पुसत उभा राहिलो. मोजे धुतो की नाही, ते मी विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी भर दुपारी घंटा वाजली. भिंगातून पाहिलं, तर गळ्यात टाय, हातात माहितीपत्रकं, डोक्याने मोठा आणि पायाने बारीक. मी दार उघडलं.

"काका, विमा पॉलिसीबद्दल दोन मिनिटं..."

"पॉलिसी नको," मी म्हटलं, "पण उन्हातून आलायस. आत बस. चहा चालेल?"

"चालेल काय काका, धावेल!"

किती बरं वाटलं म्हणून सांगू! आलं ठेचून, साय घालून केला. दोन कप प्यायला. जाताना "येतो काका" म्हणाला. पॉलिसी मी घेतली नाही. पोराच्या चेहऱ्याकडे बघून हिने घेतली.